नळाचा दाब आणि नागरिकाचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शहराच्या पाणीपुरवठ्याची चर्चा निघाली की ती बहुधा धरणापासून सुरू होते आणि धरणापाशीच संपते. तलावात साठा किती टक्के झाला, नवे धरण केव्हा पुरे होणार, दरडोई किती लिटर पाणी मिळते, हे प्रश्न सभागृहात गाजतात आणि वृत्तपत्रांतही छापून येतात. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी स्वच्छ असते काय, असे कोणी विचारलेच तर त्याचे उत्तर बहुधा समाधानकारक मिळते, आणि ते खोटेही नसते. मुंबईपुरते बोलायचे तर भांडुपच्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी पिण्यास योग्यच असते. परंतु केंद्रातून निघालेले पाणी आणि उपनगराच्या टोकाला एखाद्या वस्तीत हंड्यात पडलेले पाणी, ही दोन्ही एकच असतात काय? या दोन टोकांच्या दरम्यान जमिनीखाली काय घडते, याकडे लोकप्रतिनिधींचे, अधिकाऱ्यांचे आणि चळवळीचेही लक्ष अभावानेच गेले आहे. आजचा विषय या मधल्या प्रवासाचा आहे.

पाणी नळातून पुढे वाहते ते दाबामुळे, ही गोष्ट शाळकरी मुलालाही ठाऊक असते. दाब नाहीसा झाला म्हणजे तेच पाणी मागेही वाहू शकते, हे मात्र मोठ्यांच्याही ध्यानात येत नाही. जमिनीत पुरलेल्या वाहिनीत पुरेशा दाबाचे पाणी भरलेले असते, तोवर तिला चीर पडली असली तरी पाणी आतून बाहेर झिरपते. त्यात नासाडी होते, पण घाण आत शिरत नाही. पाणी बंद केले की वाहिनीतले उरलेसुरले पाणी उताराकडे निघून जाते आणि चढावरच्या भागात पोकळी निर्माण होते. मग त्याच चिरेतून भोवतालचे पाणी आत ओढले जाते. भोवती कोरडी माती असेल तर फारसे बिघडत नाही. भोवती गटार असेल, फुटकी मलवाहिनी असेल, पावसाळ्यात तुंबलेले डबके असेल, तर तेच आत येते. पाणी जाण्याच्या वेळी नळ फुसफुसतो आणि तोंडाशी हात धरला तर आत ओढ जाणवते, हा अनुभव चाळीतल्या कोणत्याही गृहिणीला आहे. त्या नळाला जोडलेल्या रबरी नळीचे दुसरे टोक त्या वेळी धुण्याच्या बादलीत बुडालेले असेल, तर बादलीतले पाणी सार्वजनिक वाहिनीत जाते आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या घागरीत उतरते.

उलट्या प्रवाहाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात वाहिनीतला दाब कमी होत नाही, ग्राहकाच्या बाजूचा दाब वाढतो. कारखान्याचा बाष्पक, रंगाच्या पिंपाला जोडलेला पंप, विहिरीचे पाणी चढवणारी मोटर, यांपैकी काहीही पिण्याच्या नळाशी जोडले गेले आणि मध्ये अडसर नसला, तर तिकडचे पाणी इकडे ढकलले जाते. मुंबईत कितीतरी इमारतींत शौचालयासाठी विहिरीचे पाणी वापरतात. दोन्ही पाण्यांचे नळ एकाच भिंतीवरून जातात, आणि टंचाईच्या दिवसांत 'तात्पुरती सोय' म्हणून ते एकमेकांना जोडूनही घेतले जातात. ही तात्पुरती सोय मग वर्षानुवर्षे तशीच राहते.

हा दोष केवळ गरीब देशांचा आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. १९३३ साली शिकागो शहरात जागतिक प्रदर्शन भरले होते. त्या वर्षी तेथल्या दोन प्रतिष्ठित हॉटेलांत उतरलेल्या लोकांत आमांशाची साथ पसरली. सुमारे १,४०० लोक आजारी पडले आणि ९८ दगावले. चौकशी झाली तेव्हा असे दिसले की जुन्या इमारतींत पिण्याच्या पाण्याचे आणि मैल्याचे नळ एकमेकांशी नको तेथे जोडले गेले होते. शहराच्या पाण्यात दोष नव्हता. तो इमारतीत शिरल्यावर निर्माण झाला होता. पाहुणे देशभरातून आलेले होते, आजार घेऊन ते आपापल्या गावी परतले, आणि म्हणून मूळ शोधायलाही वेळ लागला.

१९६९ सालचा मॅसॅच्युसेट्समधला प्रकार अधिक बोधप्रद आहे. वूस्टर येथील होली क्रॉस महाविद्यालयाच्या फुटबॉल संघातील खेळाडू व प्रशिक्षक मिळून ९७ जणांपैकी ९० जणांना काविळीच्या विषाणूची बाधा झाली. दोन सामन्यांनंतर संघाला त्या वर्षीचा हंगाम सोडून द्यावा लागला. मैदानाजवळच्या खड्ड्यात पाणी शिंपडण्याच्या तोट्या होत्या. शेजारच्या घरातली काविळीची बाधा झालेली मुले त्या खड्ड्यातल्या पाण्यात खेळत. सरावाच्या दिवशी जवळपास आग लागली, अग्निशामक दलाने पाणी जोराने खेचले, मैदानाच्या नळातला दाब घसरला आणि खड्ड्यातले पाणी नळात ओढले गेले. पुढे तेच पाणी खेळाडू प्याले. यात कोणीही गुन्हा केलेला नव्हता. आग विझवणे हे तर पुण्यकर्मच. तथापि एकाने जोराने पाणी ओढले की दुसऱ्याच्या नळात घाण शिरते, हा नियम सत्कृत्यालाही सूट देत नाही. मग स्वार्थासाठी रोज पाणी ओढणाऱ्याला तो कशी देईल?

आपल्याकडच्या शहरांकडे वळण्यापूर्वी दिल्लीचे एक उदाहरण सांगणे अगत्याचे आहे. त्यात उलटा वाहिला तो नळ नव्हे, तर नाला. नजफगढचा नाला यमुनेला मिळतो ते ठिकाण वजिराबादच्या पाणी उपसण्याच्या जागेपासून खालच्या अंगाला होते. १९५५ च्या पुरानंतर नदीचा प्रवाह बदलला आणि नाल्यातले मैलापाणी मागे सरत उपशाच्या जागेपर्यंत येऊन पोहोचले. अधिकाऱ्यांच्या ते ध्यानात आले. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला. विषमज्वर आणि आमांश वाढले नाहीत. काविळीचा विषाणू मात्र त्या मात्रेला पुरून उरला आणि डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. आज ज्याला 'हेपॅटायटिस ई' म्हणतात तो हाच आजार, हे पुढे १९८० नंतरच्या तपासण्यांनी उलगडले. गर्भवती स्त्रियांना तो विशेष घातक ठरतो. 'क्लोरीन टाकला आहे, चिंता नको' असे जे आश्वासन प्रत्येक साथीच्या वेळी दिले जाते, त्याची मर्यादा दिल्लीने तेव्हाच दाखवून दिली होती. नळात अवशिष्ट क्लोरीन दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, असे भारतीय मानक सांगते. थोड्याशा घाणीला तो पुरतो. फुटक्या मलवाहिनीतून एकदम आत आलेला लोंढा त्याला काही क्षणांत खाऊन टाकतो.

आता आपली शहरे. येथील बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच येते, आणि कित्येक ठिकाणी दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येते. मुंबईत चावीवाला येऊन झडप उघडतो तेव्हा एका विभागाचे पाणी सुरू होते, आणि ती बंद करून तो पुढच्या विभागाकडे जातो. या पद्धतीला 'समन्यायी वाटप' असे गोंडस नाव दिले जाते. वस्तुतः याचा अर्थ असा की शहराच्या जवळजवळ प्रत्येक वाहिनीतला दाब दररोज एकदा शून्यावर आणला जातो. शिकागोत जे इमारतीच्या दोषाने घडले आणि वूस्टरला अपघाताने, ते येथे वेळापत्रकानुसार घडते. पाणी आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे ते सोडून द्यावे, हे घराघरांतल्या बायकांनी अनुभवाने ठरवले आहे. परंतु ज्या वस्तीत पाणी मुळी तासभरच येते आणि एका नळावर पंधरा घरे असतात, तेथे पहिले पाणी सोडून देण्याची चैन कोणाला परवडणार?

पाणी कमी वेळ येते, म्हणून ते साठवावे लागते. साठवायचे तर कमी वेळात अधिक ओढावे लागते. म्हणून सोसायटी पंप बसवते. नियम असा आहे की पाणी प्रथम आपल्या दाबाने जमिनीखालच्या टाकीत पडू द्यावे आणि तेथून पंपाने गच्चीवर चढवावे. हा पंप कोणाचे काही हिरावून घेत नाही. पण टाकीला बगल देऊन पंप थेट महापालिकेच्या वाहिनीलाच जोडला, तर तो वाहिनीच शोषू लागतो. मग उताराच्या टोकाला असलेल्या नळाचे पाणी आटते. तेथली माणसे स्वतःची मोटर लावतात, कारण लावली नाही तर घागर भरत नाही. होता होता सारी गल्ली एकाच नळीला तोंड लावून बसते, वाहिनीतला दाब वातावरणाच्या दाबाहूनही खाली जातो आणि प्रत्येक सांध्यातून, प्रत्येक गंजलेल्या जोडणीतून बाहेरचे पाणी आत येते.

थेट वाहिनीला पंप जोडणे बेकायदा आहे. प्रत्येक महापालिका उन्हाळ्यात तशी सूचना काढते, चार-दोन मोटरी जप्त करते, आणि पावसाळा लागला की विसरते. जप्त झालेल्या मोटरी बहुधा चाळीतल्या असतात. इमारतीच्या तळघरात कुलपामागे बसवलेला मोठा पंप जप्त झाल्याचे ऐकिवात येत नाही. शहराचा रस्ता अडवला तर तो सामाईक मालमत्तेवरचा अतिक्रम ठरतो, हे सर्वांना पटते. वाहिनीतला दाब हीही तशीच सामाईक मालमत्ता आहे. तो कोणा एकाने उत्पन्न केलेला नाही. तो डोंगरावरच्या जलाशयाने, सार्वजनिक पैशाने बांधलेल्या वाहिन्यांनी आणि रात्रपाळीच्या कामगारांनी उत्पन्न केलेला असतो. पंपवाला पाण्याबरोबर हा दाबही चोरतो. पाणी गेले तर टंचाई होते, दाब गेला तर रोग येतो, आणि हा रोग चोराच्या घरी न जाता वाहिनीच्या शेपटाला असलेल्या घरी जातो. वरच्या मजल्यावर पाणी गाळण्याचे यंत्र असते. शेपटाच्या घरी फडके असते.

शेपटाला कोण राहतो, हे सांगायला नकोच. मुंबईतल्या ज्या झोपड्या सरकारने ठरवलेल्या तारखेनंतरच्या, त्यांना अधिकृत जोडणी नाकारण्याचे धोरण दीर्घकाळ चालू राहिले. जोडणी नाकारली म्हणून माणूस पाणी पिण्याचे थांबत नाही. तो दूरच्या वाहिनीला भोक पाडून, प्लास्टिकची बोटभर जाडीची नळी घेऊन पाणी आणतो. ती नळी पुरण्याची परवानगी नसल्यामुळे गटारातूनच आणावी लागते, कारण वस्तीत तेवढीच एक मोकळी वाट असते. म्हणजे बेकायदा ठरवून शासन त्या माणसाला पाण्यापासून दूर ठेवीत नाही, त्याच्या पाण्यात गटार मिसळण्याची तजवीज करते. आणि एकदा त्या नळीतून घाण सामाईक वाहिनीत शिरली, की ती अधिकृत-अनधिकृत असा भेद करीत नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निर्णय देताना सांगितले की पिण्याचे पाणी हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि घर अनधिकृत आहे एवढ्या कारणासाठी ते नाकारता येणार नाही. न्यायालयाने जादा दर आकारण्याची मुभा मात्र महापालिकेला ठेवली. २०२२ साली महापालिकेने 'सर्वांना पाणी' असे धोरण जाहीर केले. धोरण चांगले आहे. पण अर्ज आणि ना-हरकत दाखले यांच्या चाळणीतून ज्या जोडण्या बाहेर पडतात, त्यांचा वेग पाहता गटारातल्या नळ्या इतक्यात निघणार नाहीत. १९२७ साली महाडच्या तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी जो प्रश्न उभा केला तो सार्वजनिक पाणवठा सर्वांचा आहे की नाही हा होता. शिवाशिवीच्या विटाळाची ज्यांना धास्ती होती, त्यांच्या नळात आज खराखुरा विटाळ शिरतो आहे आणि तो आणणारी व्यवस्था वगळण्याचीच आहे. गोरेगावच्या स्त्रियांना घेऊन पाण्यासाठी झगडणाऱ्या मृणाल गोरे यांना लोकांनी 'पाणीवाली बाई' हे नाव दिले. त्या लढ्यात मागणी पाण्याची होती. आज तिच्यात दाबाची भर घालावी लागेल.

दाब सतत राहिला तर खरोखरच फरक पडतो काय? याचे उत्तर शेजारच्या कर्नाटकात मिळाले आहे. हुबळी-धारवाडच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झाले आणि उरलेल्या शहरात काही दिवसांआड येणारे पाणी तसेच राहिले. पाणी एकाच शहराचे, पद्धती मात्र दोन. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नळांवरच्या नमुन्यांची तुलना केली होती. खंडित पुरवठ्याच्या ३१.७ टक्के नमुन्यांत मैल्याची साक्ष देणारे ई. कोलाय जिवाणू सापडले, अखंड पुरवठ्याच्या केवळ ०.७ टक्के नमुन्यांत. त्यानंतरच्या दुसऱ्या अभ्यासात अखंड पुरवठ्याच्या भागात विषमज्वर कमी आढळला आणि गरीब घरांतल्या मुलांत रक्ती आवही कमी दिसली. सर्वसाधारण अतिसारात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अतिसाराला नळाखेरीज इतर वाटाही असतात.

हुबळी-धारवाडचा तो प्रयोग जागतिक बँकेच्या पैशाने झाला आणि चालवायला खाजगी कंपनी होती. म्हणून काहींनी तो निष्कर्षच नाकारला, तर काहींनी 'खाजगीकरणाशिवाय चोवीस तास पाणी अशक्य' असा डंका पिटला. दोन्ही पक्ष सारखेच चुकतात. जिवाणूला नळाचा मालक कोण हे कळत नाही. त्याला बाहेर ठेवले ते दाबाने. सातारा जिल्ह्यातल्या कऱ्हाडजवळच्या मलकापूरने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या, म्हणजे सरकारी यंत्रणेच्या, योजनेतून चोवीस तास पाणी आणून दाखवले. उलट मुंबईत वांद्रे आणि मुलुंडला असाच प्रयोग गाजावाजा करून सुरू झाला आणि अपेक्षेइतका फळला नाही. जुन्या वाहिन्यांच्या शहरात हे काम अवघड आहे. त्या वाहिन्यांचा खरा नकाशा कागदापेक्षा जुन्या कामगारांच्या डोक्यात अधिक असतो, आणि ते निवृत्त झाले की त्यांची जागा कंत्राटी माणसाने भरली जाते, जो पुढल्या वर्षी तेथे नसतो. नोकरभरती बंद ठेवून पाण्याची शुद्धता राखता येईल, असे मानणाऱ्यांना ही बाब सांगितली पाहिजे.

अखंड पुरवठा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. उलटा प्रवाह अडवण्याचे सर्वांत जुने आणि खात्रीचे साधन फुकटात मिळणारे आहे. ते म्हणजे हवा. नळाचे तोंड आणि टाकीतल्या पाण्याची सर्वोच्च पातळी यांच्यात नळाच्या व्यासाच्या किमान दुप्पट मोकळे अंतर राखले, तर पाण्याला मागे चढायला वाटच उरत नाही. गच्चीवरच्या टाकीत येणारी तोटी पाण्यात बुडालेली नसावी, पिंपात सोडलेली रबरी नळी काठाच्या वर बांधावी, एवढेच ते आहे. जेथे असे अंतर ठेवता येत नाही तेथे एकाच दिशेने उघडणारी झडप बसवावी. रुग्णालये, रंगकाम आणि रसायनांचे कारखाने, छपाईचे धंदे यांना साधी झडप पुरेशी नाही, कारण तिच्यात कचरा अडकला की ती उघडीच राहते. तेथे दुहेरी झडपेची आणि दरवर्षी तपासणीची सक्ती हवी. इमारतीतल्या जमिनीखालच्या टाकीला तडा गेला असेल आणि शेजारीच मैलापाण्याचे चेंबर असेल, तर वर कितीही झडपा लावल्या तरी उपयोग नाही. हे सगळे इमारत नियमावलीत आणि मानकांत लिहिलेले आहे. लिहिलेले तपासायला माणूस नाही.

२०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. यंत्रमागावर रोजंदारी करणाऱ्या त्या गावात माणूस महिनाभर अंथरुणाला खिळला की घरातली चूल थांबते. प्रत्येक साथीनंतर घडते तेच तेथेही घडले. वाहिन्यांची गळती शोधण्याची धावपळ झाली आणि नगरपालिकेवर मोर्चे निघाले. मोर्चा साथीनंतर निघतो, हीच त्यातली उणीव आहे. दाबाची मोजणी साथीच्या आधी होऊ शकते. एकमजली वस्तीत नळाशी ७ मीटर, दुमजलीत १२ मीटर आणि तिमजलीत १७ मीटर एवढा दाब उरला पाहिजे, असे केंद्र सरकारच्या १९९९ सालच्या पाणीपुरवठा पुस्तिकेत म्हटले होते. दाब मोजण्याचे यंत्र स्वस्त असते आणि ते कोणत्याही नळाला लावता येते.

तेव्हा प्रभागातल्या कार्यकर्त्यांनी महापालिकेकडे मागायचे ते एवढे. प्रत्येक वाहिनीच्या शेवटच्या नळावर दाब मोजावा, पाणी सुरू असताना आणि बंद झाल्यानंतरही. ते आकडे प्रभाग कार्यालयाच्या फलकावर दर आठवड्याला लावावेत. थेट वाहिनीला जोडलेले पंप काढण्याची मोहीम इमारतींच्या तळघरांपासून सुरू करावी. गटारातून गेलेली प्रत्येक नळी, तिचा मालक कोणत्या सालचा रहिवासी आहे हे न विचारता, आधी गटाराबाहेर काढून उंचावर बसवावी आणि कागद मागाहून करावेत. पाण्याचे नमुने दुपारी, पाणी स्वच्छ झाल्यावर, घेऊ नयेत. ते पाणी आल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत, वाहिनीच्या शेपटाला घ्यावेत, आणि नमुन्याच्या नोंदवहीत अधिकाऱ्याच्या सहीशेजारी त्या नळावर पाणी भरणाऱ्या एका बाईची सही किंवा अंगठा असावा.